जिथे पट्टे मावळतात

वीसएक वर्षे मी दहावीच्या वर्गाला एक वाक्य न चुकता सांगत आले: ग्रह दुर्बिणीतून तबकडीसारखे दिसतात, तारा मात्र कितीही मोठ्या दुर्बिणीतून पाहिला तरी बिंदूच राहतो. फोंडा तालुक्यातल्या आमच्या शाळेच्या गच्चीवर सहा इंची दुर्बीण लावून आधी शनी आणि मग व्याध दाखवला, की हे वाक्य मुलांना आपोआप पटत असे. कारण शनी आपल्या कड्यासह समोर येऊन उभा राही आणि व्याध नुसताच अधिक प्रखर होई.

एका डिसेंबरात मृग नक्षत्र दाखवताना काक्षीपाशी थांबून मी म्हटले, की हा तांबूस तारा सूर्याच्या शेकडो पट मोठा आहे. मागे उभ्या असलेल्या एका मुलीने विचारले, "टीचर, तो तर बिंदूच दिसतो ना? मग मोजला कसा?" ताऱ्याचे तापमान त्याच्या रंगावरून कळते, अंतर ठाऊक असले की एकूण तेज कळते आणि या दोहोंवरून आकाराचा हिशेब मांडता येतो, असे मी तिला सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे मोजला नाही, हिशेबानं काढला."

तिचे म्हणणे बरोबर होते. मोजणे आणि काढणे यांत फरक आहे, आणि विज्ञान शिकवणाऱ्याने तो पुसट होऊ देऊ नये असे मला मनापासून वाटते. पुढच्या काही महिन्यांत मिळेल ते वाचत गेले तेव्हा कळले, की काक्षी खरोखरच मोजला गेलेला आहे, तोही १९२० साली. आणि ज्या रीतीने तो मोजला गेला, ती रीत मी लहानपणापासून मांडवीच्या पाण्यावर पाहत आले होते.

आमचे घर रायबंदरचे. बाबा रायबंदर-चोडण फेरीबोटीवर कामाला होते आणि संध्याकाळच्या पाळीला त्यांचा डबा घेऊन मी धक्क्यावर जात असे. नदीच्या मध्यावर दोन फेरीबोटी एकमेकींना ओलांडत, तेव्हा प्रत्येकीमागून निघालेल्या लाटांच्या तिरक्या रांगा एकमेकींतून आरपार जात, आणि जिथे त्या भेटत तिथले पाणी काही जागी दुप्पट उसळे, तर काही जागी अगदी सपाट होई. धक्क्याच्या खालच्या पायरीवर उभी राहून मी ते पाही. बाबा म्हणत, "दोघींच्या लाटा भेटतात तिथं पाणी कुठं उभं राहतं, कुठं निजतं. निजलेल्या पाण्याला शांत समजू नकोस, तिथं दोन्ही लाटा आहेतच." लाटेचा माथा माथ्यावर पडला तर पाणी उभे राहते, माथा दुसरीच्या खळग्यात पडला तर निजते. प्रकाशही लाटांनी चालतो. म्हणून एकाच उगमातून निघालेला प्रकाश दोन वाटांनी आणून एकत्र केला, की पडद्यावर उजळ आणि काळोखे पट्टे उमटतात. याला व्यतिकरण म्हणतात, आणि त्या काळोख्या पट्ट्यातही दोन्हीकडचा प्रकाश पोचलेला असतो.

त्या मुलीला उत्तर द्यायचे, तर ते फळ्यावरच्या आकृतीने न देता डोळ्यांना दिसले पाहिजे असे मी ठरवले. काचेची एक पट्टी रॉकेलच्या चिमणीवर धरून तिच्यावर दाट काजळी बसवली. दाढीची दोन ब्लेड एकावर एक घट्ट धरून त्या काजळीवर एकदाच हलकी ओढली, की जेमतेम दशांश मिलिमीटर अंतरावर दोन बारीक समांतर फटी मिळतात. टेबलावर दुधी बल्ब ठेवला, त्याच्यापुढे पुठ्ठा उभा केला आणि पुठ्ठ्यात दोन मिलिमीटरची उभी चीर पाडली. वर्गाच्या खिडक्या बंद केल्या. सुमारे दोन मीटरवरून, काजळीतल्या फटी डोळ्यासमोर उभ्या धरून मुलांनी एकेक करून पाहिले: चिरेच्या जागी उजळ-काळ्या रेषांची एक बारीक झालर दिसत होती. मग मी पुठ्ठ्याची चीर हळूहळू रुंद करत गेले. तीन मिलिमीटर, पाच, सात. पट्टे फिके होत गेले आणि चीर सेंटिमीटरभर रुंद झाली तशी ती मुलगी काचेवरून डोळा न काढता म्हणाली, "गेले." तिच्या नाकाला काजळी लागली होती आणि ते तिच्या ध्यानातही नव्हते.

ताऱ्याच्या मोजणीचे सगळे मर्म त्या "गेले"मध्ये आहे. रुंद चिरेचा प्रत्येक भाग आपापली झालर उमटवतो आणि शेजारच्या भागाची झालर किंचित सरकलेली असते. चीर अरुंद असेतो या झालरी एकमेकींवर जुळून बसतात. ती रुंद होत गेली की एका भागाच्या उजळ रेषा दुसऱ्या भागाच्या काळ्या रेषांवर पडू लागतात, आणि अखेरीस उरतो एकसारखा उजेड. आता चिरेच्या जागी तारा आणा. तारा आपल्याला रुंद करता येत नाही, पण दोन फटींमधले अंतर वाढवता येते. ते वाढवत नेताना पट्टे ज्या अंतरावर मावळतील, ते अंतरच ताऱ्याच्या तबकडीचा कोन सांगते.

या कोनाची कल्पना यायला थोडे थांबले पाहिजे. एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला. पौर्णिमेचा चंद्र सुमारे ३० कलांचा असतो. आपल्या डोळ्याला कलाभराचे अंतर जेमतेम उमगते. म्हणून पणजीहून रायबंदरकडे येणाऱ्या त्या लांब बांधरस्त्यावर दूरच्या मोटारीचे दोन दिवे आधी एकच वाटतात आणि गाडी जवळ येता येता दुभंगतात. काक्षीची तबकडी विकलेच्याही विसाव्या हिश्शाएवढी आहे, आणि आकाशात मोठ्या दिसणाऱ्या ताऱ्यांमध्ये तिची गणना होते. बहुतेक तेजस्वी तारे काही सहस्रांश विकलांचेच आहेत. एक सहस्रांश विकला म्हणजे अडीच सेंटिमीटरचे नाणे ५,००० किलोमीटरवरून जेवढे दिसेल तेवढा कोन. एवढे बारीक पाहायला एकच आरसा वापरायचा, तर तो शंभर मीटरहून मोठा लागेल. तसा आरसा आजवर कोणी घडवलेला नाही, आणि घडवला तरी त्याच्यावरची थरथरती हवा त्याला नीट पाहू देणार नाही.

फटींची युक्ती ताऱ्यांना लावण्याची सूचना फ्रान्सच्या हिप्पोलित फिझो यांनी १८६८ मध्ये केली. मार्सेय येथील एदुआर स्तेफान यांनी ८० सेंटिमीटरच्या दुर्बिणीवर दोन फटींचे झाकण बसवून १८७० च्या दशकात एकामागून एक तारे पाहिले. प्रत्येक ताऱ्याचे पट्टे दिसले आणि एकाचेही मावळले नाहीत. त्यावरून एवढेच म्हणता आले, की हे सगळे तारे विकलेच्या सहाव्या हिश्शाहून लहान आहेत. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. मोजपट्टी अपुरी आहे हे त्यांनी मोजून दाखवले आणि पुढच्या माणसाला फटी किती दूर न्याव्या लागतील याची दिशा दिली.

पुढचा माणूस म्हणजे अल्बर्ट मायकेलसन. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर १०० इंची दुर्बीण होती, आणि तेव्हा जगात तिच्याहून मोठी दुर्बीण नव्हती. मायकेलसन यांच्या योजनेप्रमाणे तिच्या तोंडावर २० फूट लांबीची पोलादी तुळई आडवी बसवण्यात आली. तुळईच्या दोन बाजूंना दोन सपाट आरसे सरकवता येत होते. ते ताऱ्याचा प्रकाश आतल्या दोन स्थिर आरशांकडे आणि तिथून दुर्बिणीत पाठवत. म्हणजे दुर्बीण अडीच मीटरचीच राहिली, पण तिचे दोन डोळे सहा मीटरपर्यंत दूर जाऊ लागले. १३ डिसेंबर १९२० च्या रात्री फ्रान्सिस पीझ आणि त्यांचे सहकारी काक्षीकडे पाहत होते. बाहेरचे आरसे १२१ इंचांवर, म्हणजे तीन मीटरहून थोडे अधिक अंतरावर होते आणि काक्षीचे पट्टे सापडत नव्हते. पट्टे न दिसण्याला इतर कारणेही असू शकतात: आरसे जरा हलले असतील, हवा बिघडली असेल. म्हणून आरसे तसेच ठेवून दुर्बीण दुसऱ्या ताऱ्याकडे वळवली, आणि तिथे पट्टे दिसले. उपकरण नीट होते. काक्षीचेच पट्टे मावळले होते. उत्तर आले ०.०४७ विकला.

तेव्हाच्या अंतराच्या अंदाजावरून काक्षीचा व्यास सुमारे ३९ कोटी किलोमीटर निघाला. आज त्याचे अंतर ५०० ते ७०० प्रकाशवर्षे मानले जाते, त्यामुळे व्यास आणखी वाढला आहे. सूर्याच्या जागी काक्षी ठेवला तर मंगळाची कक्षाही त्याच्या पोटात जाईल. परंतु मला त्या आकड्याहून त्या दुसऱ्या ताऱ्याकडे पाहण्याचे अप्रूप अधिक वाटते. "दिसत नाही" हे निरीक्षण म्हणून लिहायचे, तर आपल्याला दिसू शकत होते हे आधी सिद्ध करावे लागते. तेव्हापासून प्रयोगवहीत "काही दिसले नाही" असे लिहिणाऱ्या प्रत्येक मुलाला मी ही गोष्ट सांगते.

यानंतर पीझ यांनी ५० फुटी तुळई उभारली, पण ती फारशी यशस्वी झाली नाही. अडचण समजण्यासारखी आहे. दोन्ही वाटांनी येणाऱ्या प्रकाशाने सारखेच अंतर कापलेले असावे लागते, आणि इथे सारखे म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शापर्यंत, म्हणजे मायक्रॉनपर्यंत सारखे. पोलाद थंडीने तेवढे आकसते, वाऱ्याने तेवढे वाकते. वरची हवा तर दर सेकंदाला शंभर वेळा दोन्ही वाटांची लांबी वेगवेगळी बदलत असते.

या अडचणीला वळसा घालणारा माणूस निलगिरीच्या डोंगरात अरुवनकाडू येथे १९१६ साली जन्मला होता. रॉबर्ट हॅनबरी ब्राउन मूळचे रडारच्या कामातले. त्यांनी आणि रिचर्ड ट्विस यांनी दोन ठिकाणचा प्रकाश एकत्र आणणेच सोडून दिले. दोन आरशांवर पडणाऱ्या प्रकाशाचे तेज अतिशय जलद कमीअधिक होत असते. ती चढउतार दोन्हीकडे किती जुळते, एवढेच त्यांनी विजेच्या तारांतून आणून ताडून पाहिले. आरसे जवळ असताना चढउतार जुळते, दूर नेल्यावर जुळेनाशी होते, आणि ती कुठे जुळेनाशी होते यावरून ताऱ्याचा आकार कळतो. युद्धातल्या सर्चलाइटचे आरसे वापरून १९५६ मध्ये त्यांनी व्याध मोजला. पुढे ऑस्ट्रेलियात नाराब्राय येथे १८८ मीटर व्यासाच्या गोल रुळांवर साडेसहा मीटरचे दोन आरसे फिरवत त्यांनी ३२ तारे मोजले. आपली चित्रा एकमेकींभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांची जोडी आहे. त्या जोडीची कक्षाही नाराब्रायला मोजली गेली. ही रीत फक्त उष्ण आणि तेजस्वी ताऱ्यांपुरती उपयोगी पडली, परंतु तिने मायक्रॉनचा काच सैल केला.

एकदा विज्ञान दिनाच्या सुमारास आम्ही मुलांना घेऊन पुणे जिल्ह्यातल्या खोडदला गेलो होतो. तिथल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत, आणि सगळ्या मिळून एका दुर्बिणीचे काम करतात. परतीच्या बसमध्ये एका मुलाने विचारले, की हेच साध्या प्रकाशाने का करत नाहीत. प्रश्न मार्मिक होता. रेडिओ लाट मीटरभर लांबीची असते, तिचे माथे आणि खळगे तबकडीवरच नोंदवता येतात आणि ती नोंद तारेतून पाठवून संगणकात जुळवता येते. दृश्य प्रकाशाची लाट अर्ध्या मायक्रॉनची, सेकंदाला पाचशे लाख कोटींच्या आसपास हेलकावे घेणारी. तिचे माथे-खळगे तसे टिपून ठेवता येत नाहीत. पट्टे हवे असतील, तर त्या त्या क्षणीचा प्रकाशच दोन्ही दुर्बिणींतून उचलून, आरशाआरशांवरून नेऊन, एका टेबलावर भेटवावा लागतो.

तसा तो पहिल्यांदा भेटवला आंत्वान लाबेरी यांनी १९७४ मध्ये, फ्रान्समधल्या नीस येथे. १२ मीटर अंतरावरच्या दोन वेगळ्या दुर्बिणींतून त्यांनी अभिजिताचा प्रकाश आणला आणि पट्टे मिळवले. आज हे काम ज्या रीतीने चालते ती वाचताना मला पुनःपुन्हा आमची फेरीबोट आठवते. चिलीच्या वाळवंटात पारानाल डोंगरावर ८.२ मीटरच्या चार मोठ्या आणि १.८ मीटरच्या चार लहान दुर्बिणी आहेत. तारा डोक्यावर नसून कलता असला, की त्याचा प्रकाश एका दुर्बिणीला आधी आणि दुसरीला नंतर पोचतो. आधी पोचलेल्या प्रकाशाला तेवढाच उशीर घडवायला डोंगराच्या आत १६८ मीटर लांबीचे भुयार खणले आहे. भुयारात रूळ आहेत आणि रुळांवर आरसे वाहणाऱ्या गाड्या आहेत. पृथ्वी फिरते तसा तारा सरकतो, उशीर बदलत जातो, आणि त्या गाड्या रात्रभर अंधारात हलक्या हलक्या सरकत तो भरून काढतात, मायक्रॉनहूनही काटेकोरपणे. भरती-ओहोटीप्रमाणे धक्क्याच्या उतारावर फेरीबोट थोडी वर, थोडी खाली लावताना बाबा जी नजर ठेवत, तीच मला त्या गाड्यांत दिसते.

दोन दुर्बिणींनी आकार कळतो, रूप कळत नाही. हवेमुळे पट्टे डावीउजवीकडे हेलकावत असतात आणि रूपाची खूण त्या हेलकाव्यातच बुडालेली असते. तीन दुर्बिणी घेतल्या की एक सुंदर गोष्ट घडते. पहिलीवरच्या हवेने पहिल्या-दुसऱ्या जोडीचे पट्टे जेवढे एकीकडे ढकलले, तेवढेच ती तिसऱ्या-पहिल्या जोडीचे पट्टे दुसरीकडे ढकलते. म्हणून त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंची बेरीज घेतली तर हवेची लुडबुड वजा होते आणि उरते ती ताऱ्याचीच गोष्ट. दुर्बिणी सहा असल्या तर जोड्या पंधरा होतात आणि त्रिकोण त्याहून अधिक. माउंट विल्सनवर, जिथे मायकेलसन यांची तुळई होती त्याच डोंगरावर, जॉर्जिया स्टेट विद्यापीठाच्या एक मीटरच्या सहा दुर्बिणी ३३० मीटरपर्यंतच्या अंतरांवर मांडलेल्या आहेत आणि त्यांचा प्रकाश निर्वात नळ्यांतून एकत्र येतो.

त्या सहा दुर्बिणींपैकी चारांनी श्रवणाचे चित्र काढले आणि २००७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. सूर्यासारखा जळण्याच्या भर वयातला दुसरा एखादा तारा माणसाने तोंडवळ्यासह पाहिल्याची ही पहिलीच वेळ होती. श्रवण गोल नाही. तो स्वतःभोवती सुमारे नऊ-दहा तासांत एक फेरी मारतो, सूर्याला त्याच कामाला पंचवीसएक दिवस लागतात. या गरगरीने त्याचा मध्यभाग ध्रुवांपेक्षा पाचव्या हिश्शाहून अधिक फुगला आहे. फुगलेला भाग गाभ्यापासून दूर पडल्यामुळे निवतो: ध्रुवांपाशी तापमान सुमारे ८,४०० केल्विन, तर मध्यावर सुमारे ६,९००. चित्रात तो चपटा, मध्ये मंद आणि ध्रुवाकडे लखलखीत दिसतो. मघाही तसाच चपटा निघाला. अभिजितही वेगाने फिरतो. तो नेमका ध्रुवाकडून आपल्याला दिसतो म्हणून गोल वाटत आला होता. इतर ताऱ्यांचे तेज ज्याच्याशी ताडून पाहिले जाई तोच हा तारा, हे लक्षात घेतले की या शोधाचे वजन कळते.

पारानालच्या दुर्बिणींनी २०१७ मध्ये ज्येष्ठेच्या पृष्ठभागावरच्या वायूच्या हालचालींचा नकाशा काढला. २०१८ च्या मे महिन्यात आकाशगंगेच्या केंद्रातल्या कृष्णविवराजवळून प्रकाशाच्या जवळजवळ तीन टक्के वेगाने गेलेल्या ताऱ्याचा मागही तिथेच काढला गेला. लग्नात अरुंधती दाखवताना आपण ज्या वसिष्ठाशेजारी बोट नेतो, तो वसिष्ठ दुर्बिणीतून दोन ताऱ्यांचा दिसतो. आणि त्या दोहोंतला तेजस्वी तारा पुन्हा दोन ताऱ्यांची जोडी आहे, साडेवीस दिवसांत एकमेकांभोवती फेरी घालणारी. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या इंटरफेरोमीटरने, म्हणजे अशाच प्रकारे प्रकाश एकत्र आणून पट्टे पाहणाऱ्या यंत्राने, त्यांचे फिरणे १९९० च्या दशकात चित्रांत पकडले. माझ्या मावशीच्या लग्नात भटजींनी अरुंधती दाखवली तेव्हा मी सात वर्षांची होते, आणि मला एकच तारा दिसला होता.

वर्गात सांगायचे वाक्य मी आता बदलले आहे. तारा एका दुर्बिणीतून बिंदू दिसतो, असे मी म्हणते आणि "एका" या शब्दावर थांबते. पुढचा प्रश्न दर वर्षी कोणी ना कोणी विचारतेच.

गेल्या १३ डिसेंबरला मी शेवटच्या पाळीची वाट न पाहता लवकरच फेरी पकडून चोडणला गेले. रायबंदरच्या बाजूला आता उजेड फार झाला आहे, पणजीकडचे आकाश रात्रभर पिवळसर असते; चोडणच्या धक्क्यापासून खाजनाच्या बांधावर थोडे चालत गेले की डोळे निवतात. आठ वाजले होते. पूर्वेला काक्षी हातभर वर आला होता. पश्चिमेला पणजीच्या उजेडावर श्रवण कलला होता. दक्षिणेला, थेट रायबंदरच्या टेकडीच्या वर, अग्रनद होता. तोही असाच गरगर फिरून मध्ये फुगलेला, पारानालच्या पट्ट्यांनी २००३ मध्ये तसा दाखवून दिलेला. तिन्ही तारे क्षितिजापासून जवळजवळ सारख्याच उंचीवर होते आणि खाडीच्या दमट हवेत सारखेच लुकलुकत होते. मी काजळी लावलेली ती काचेची पट्टी रुमालात गुंडाळून बरोबर आणली होती. ती डोळ्यांपुढे धरून पलीकडच्या धक्क्यावरच्या एका दिव्याकडे पाहिले. बारीक, उभे, काळे-उजळ पट्टे स्पष्ट दिसत होते. तेवढ्यात रायबंदरहून सुटलेली फेरीबोट पुढच्या दोन दिव्यांनिशी नदीच्या मध्यावर आली, आणि तिच्या लाटा बांधाला लागेपर्यंत मी तिथेच उभी राहिले.